पाणवठ्याची सीमारेषा

आपल्या धर्मशास्त्राने पाण्याला केवळ उपयोगाची वस्तू मानलेले नाही. संध्या, तर्पण, अभिषेक, तीर्थ, विसर्जन ह्यांपैकी एकही कर्म पाण्यावाचून पुरे होत नाही. साहजिकच पाणी दूषित करणे हा आपल्या पूर्वजांनी मोठा दोष मानला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाचे आचार सांगताना पाण्यात काय टाकू नये ह्याची गणना केली आहे. तीत मलमूत्र, थुंकी व रक्त ह्यांच्या जोडीला विषाचाही स्पष्ट निर्देश आहे. कौटिल्याने घाण करणाऱ्यांचे दंड ठरविताना पुण्यस्थान, जलस्थान व देवालय ह्यांचा उच्चार एकाच सूत्रात केला आहे. पाणवठा आणि देऊळ ह्यांच्या मर्यादा त्याला एकाच जातीच्या वाटल्या, असा ह्याचा अर्थ.

तथापि ह्या विधिनिषेधांचा रोख एकेका माणसाच्या आचरणावर होता. पाण्यात घाण टाकणारा मनुष्य गावातलाच असे. तो डोळ्यांना दिसे, त्याला अडविता येई, दंडही करता येई. आजचे विष निराळे आहे. ते कोसभर अंतरावरच्या जमिनीत मुरते, झऱ्यांच्या वाटेने पाझरते आणि वर्षानुवर्षांनी घागरीत उतरते. त्याला बहुधा रंग नसतो, वास नसतो आणि चवही नसते. अशा विषापासून लोकांचे पिण्याचे पाणी राखावे कसे, हा प्रश्न आपल्या पिढीपुढे आहे. त्याचे उत्तर शोधताना हैदराबाद नगरीचा गेल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास अतिशय उद्‌बोधक ठरतो.

हैदराबादच्या पूर्व भागात, विजयवाड्याच्या रस्त्यावर, दिलसुखनगर ही वस्ती आहे. दिलसुखराम प्रसाद नावाच्या जमीनदाराच्या शेतीवर ती वसली, म्हणून तिला हे नाव पडले असे सांगतात. एके काळच्या शेतांच्या जागी आज दुकानांची व घरांची दाटी आहे. येथील साईबाबांचे मंदिर सर्व शहरात प्रसिद्ध आहे. जवळच सरूरनगरचा तलाव आहे. तो १६२६ साली, कुतुबशाहीच्या अमदानीत, बांधला गेला. उत्तरेच्या अंगाला मुसी नदी वाहते. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात, जेथे अनंतपद्मनाभाचे देवालय आहे, तेथे ही नदी उगम पावते. मुचकुंद राजर्षीच्या नावावरून तिला मुचकुंदा असेही म्हणतात. नदी, तलाव आणि मंदिर ही तिन्ही ज्या वस्तीच्या आसपास आहेत, तिने पाण्यासाठी दूर कोठे पाहावे असे वरवर वाटत नाही. परंतु दिलसुखनगरच्या नळाला आज येणारे पाणी मुख्यतः कृष्णेचे आहे आणि ते नागार्जुनसागराच्या जलाशयातून, शंभराहून अधिक किलोमीटरांवरून, यंत्रांनी उपसून आणावे लागते. दाराशी असलेले पाणी सोडून इतक्या लांबचे पाणी आणण्याची वेळ ह्या नगरीवर का आली, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

हैदराबाद वसण्यापूर्वीच, म्हणजे १५६२-६३ च्या सुमारास, इब्राहिम कुतुबशहाच्या कारकीर्दीत हुसेनशहा वली ह्याच्या देखरेखीखाली हुसेनसागर बांधला गेला. पुढे त्याच्या दोन अंगांना हैदराबाद व सिकंदराबाद ही जुळी शहरे वाढली. कित्येक पिढ्यांनी ह्या तलावाचे पाणी प्यायले. त्यानंतर २८ सप्टेंबर १९०८ चा दिवस उगवला. मुसीला महापूर आला आणि सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी सुचविलेला उपाय असा की, नदीला शहराबाहेरच वरच्या अंगास अडवावे. त्यामुळे पूर आवरेल आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळेल. ह्याच योजनेतून मुसीवर उस्मानसागर १९२० साली व तिच्या ईसी ह्या उपनदीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. पुराच्या शापातून पाण्याचे वरदान काढणारी ही योजना होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दोन नवे जलाशय आल्यावर हुसेनसागराची निकड संपली. १९३० च्या सुमारास त्याचे पाणी पिण्यासाठी घेणे बंद झाले. ज्या पाण्यावर आपली तहान अवलंबून नाही, त्या पाण्याची चिंता कोणी करीत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. स्वातंत्र्यानंतर बालानगर, कुकटपल्ली, जीडिमेटला ह्या भागांत कारखाने उभे राहिले. औषधे व रसायने ह्यांच्या निर्मितीत हैदराबादने देशात अग्रस्थान मिळविले आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटली, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु त्या कारखान्यांचे सांडपाणी शहराच्या मैल्यासह कुकटपल्लीच्या नाल्याने हुसेनसागरात उतरत राहिले. पुढे त्या तलावाच्या शुद्धीकरणासाठी अनेक योजना झाल्या व अमाप द्रव्य खर्ची पडले. तरीही एके काळी ज्याचे पाणी ओंजळीने पीत, त्या तलावाचे पाणी आज कोणी ओठाला लावीत नाही.

येथे दोन प्रकारच्या अशुद्धींतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षितांच्या मनातही तो अस्पष्ट असतो. पटकी, विषमज्वर, कावीळ हे रोग जंतूंमुळे पाण्यातून पसरतात. पाणी उकळले, त्यात क्लोरीन घातले, म्हणजे जंतू मरतात. आपल्या घराघरांत पाणी उकळून, गाळून पिण्याची जी चाल पडली, ती ह्याच अनुभवातून पडली आणि ती योग्यच आहे. परंतु शिसे, पारा, आर्सेनिक, निकेल ह्यांसारख्या द्रव्यांना जीव नाही, त्यामुळे ती मरतही नाहीत. पाणी उकळल्याने विष आटत नाही. पाणी तेवढे आटते आणि विष अधिक दाट होते. शहराच्या साध्या गाळणीत वाळूचे थर असतात. ते गढूळपणा अडवितात, पण विरघळलेले रसायन त्यांतून बहुतांशी निसटते. शिवाय जंतूंचा परिणाम दिवसांत दिसतो, तर ह्या विषांचा परिणाम कित्येकदा वर्षांनी, आणि तोही पोटातल्या बालकावर, दिसतो. जपानातील मिनामाटा येथे १९५६ साली जो विचित्र रोग प्रथम नोंदला गेला, त्याचे कारण एका कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा होय, हे सरकारी रीत्या मान्य होण्यास १९६८ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत लोक तेथले मासे खातच होते. सारांश, जंतूंच्या बाबतीत घरातला उपाय चालतो. रसायनाच्या बाबतीत मात्र उपाय पाणलोटातच करावा लागतो. विष पाण्यात उतरल्यावर नव्हे, उतरण्यापूर्वीच त्याला अडविले पाहिजे.

हैदराबादच्याच वायव्येस पाटनचेरू व बोल्लारम ह्या औद्योगिक वसाहतींनी ह्याचा दाखला दिला आहे. तेथील नाले व भूजल ह्यांची जी दुर्दशा झाली, तिचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यासाठी सामाईक केंद्र निघाले. सुमारे नव्वद औषधनिर्मात्यांचे सांडपाणी तेथे येत असे. स्वीडनमधील संशोधकांनी प्रक्रिया होऊन बाहेर पडणारे हे पाणी तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचे प्रतिजैविक दर लिटर पाण्यात ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही त्याचे प्रमाण इतके नसते. शुद्ध केले म्हणून सोडलेल्या पाण्याची ही अवस्था! यंत्र बसविले म्हणजे पाणी सुरक्षित झाले, ही समजूत किती भाबडी आहे हे ह्यावरून कळून येईल.

हुसेनसागर हातचा गेला, तेव्हा उरलेल्या दोन जलाशयांचे रक्षण करण्याची जाणीव राज्यकर्त्यांना झाली. १९९४ साली व नंतर ८ मार्च १९९६ रोजी आंध्र प्रदेश सरकारने आदेश काढले. दुसरा आदेश १११ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. उस्मानसागर व हिमायतसागर ह्यांच्या भोवती दहा किलोमीटरांच्या पट्ट्यात प्रदूषण करणारे कारखाने, मोठी उपाहारगृहे व दाट वसाहती ह्यांना त्याने बंदी केली. ह्या बंधनाखाली ८४ गावे आली. पाण्याच्या कडेला नव्हे, पाण्यापासून दहा किलोमीटर अलीकडे रेषा ओढली गेली, हे ह्या आदेशाचे मर्म आहे. गाभाऱ्याचे पावित्र्य राखण्यासाठी आपण चप्पल महाद्वाराशीच काढतो. त्याच न्यायाने ही रेषा होती.

रेषा ओढणे सोपे असते, ती राखणे कठीण. १९९५ साली एका कंपनीने शमशाबादजवळच्या पेद्दाशापूर गावी जमीन घेतली. एरंडेल तेलावर प्रक्रिया करून त्यापासून घट्ट मेणासारखे पदार्थ व मेदाम्ले करण्याचा कारखाना तेथे निघावयाचा होता. अशा प्रक्रियेत तेलावर हायड्रोजनची क्रिया घडविण्यासाठी निकेल हा धातू वापरतात, आणि काम झालेले निकेल गाळाच्या रूपाने उरते. जागा दहा किलोमीटरांच्या आत होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमती नाकारली. १९९७ साली खुद्द राज्य सरकारनेच ह्या कारखान्याला बंधनातून सूट दिली. मंडळ आपल्या नकारावर ठाम राहिले. कंपनीने १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखालील अपील प्राधिकरणाकडे दाद मागितली. आधुनिक तंत्रामुळे धोका नाही, असे शास्त्रज्ञाच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे मांडले गेले आणि १९९८ च्या आरंभी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी संमती देण्यास फर्माविले. अखेर मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध प्रा. एम. व्ही. नायुडू ह्या नावाने ओळखला जातो.

न्यायमूर्ती जगन्नाथ राव ह्यांनी लिहिलेला पहिला निकाल २७ जानेवारी १९९९ रोजी लागला. त्यात त्यांनी एक मूलभूत अडचण मोकळेपणाने मांडली. न्यायाधीश हे शास्त्रज्ञ नव्हेत, आणि शास्त्रज्ञांचेही अशा बाबतीत एकमत असतेच असे नाही. मग निर्णय कोणत्या आधारावर करावा? त्यांचे उत्तर असे की, शास्त्र निश्चित सांगू शकत नसेल तेव्हा सावधगिरीच्या बाजूने चूक झालेली पत्करावी. आणि धोका आहे हे पाणी पिणाऱ्याने सिद्ध करावयाचे नाही, धोका नाही हे कारखाना काढणाऱ्याने सिद्ध करावयाचे. नेहमीच्या दाव्यात जो फिर्याद करतो त्याच्यावर पुराव्याचा भार असतो. येथे तो भार उलटविला गेला. पर्यावरणाच्या तंट्यांसाठी न्यायाधीश व शास्त्रज्ञ ह्यांनी एकत्र बसावे अशी न्यायालये हवीत, असेही ह्या निकालाने सुचविले. पुढे न्यायमूर्ती राव ह्यांच्याच अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २००३ साली आपल्या १८६ व्या अहवालात ही शिफारस केली, आणि २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. एका तलावाच्या काठचा तंटा अशा रीतीने सर्व देशाच्या उपयोगी पडला.

तज्ज्ञांचे अहवाल मागवून दुसरा व अंतिम निकाल १ डिसेंबर २००० रोजी देण्यात आला. ह्या दोन जलाशयांवर पन्नास लाख लोकांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे, ही गोष्ट न्यायालयाने समोर ठेवली. निर्मळ पिण्याचे पाणी मिळणे हे राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचेच अंग असून ते पुरविणे राज्याचे कर्तव्य आहे, असा निर्वाळा दिला. सरकारला स्वतःच ओढलेली रेषा एका कारखान्यासाठी पुसता येत नाही, आणि सुरक्षिततेची साधने बसवू ह्या आश्वासनावर एवढ्या लोकांचे पाणी पणाला लावता येत नाही, असे ठरवून मंडळाचे अपील मंजूर केले. ह्या खटल्यात विष सांडल्याचा आरोप कोणावरही नव्हता. कारखाना सुरूच झाला नव्हता. अनर्थ घडण्यापूर्वी तो टाळण्यासाठी न्यायसंस्था झटली, हेच ह्या निकालाचे वैशिष्ट्य होय.

ह्याच सुमारास गोमंतकातही असाच झगडा चालू होता, हे आपल्या कोंकणी वाचकांना स्मरत असेल. फोंडे महालात, अंत्रूज ह्या देवालयांच्या भूमीत, केरीच्या पठारावर नायलॉनचा एक मोठा कारखाना निघावयाचा होता. पठारावर पडलेले पाणीच खालच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. त्या झऱ्यांवर गावे जगतात, बागायती पिकतात, देवळांच्या तळ्याही भरतात. म्हणून लोकांनी निकराचा विरोध केला. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण प्राणास मुकला. शेवटी कारखाना गोव्यातून गेला. हैदराबादेत जे काम न्यायालयाने केले, ते केरीत लोकांनी केले आणि त्याची किंमत रक्ताने चुकविली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: पाण्याच्या माथ्यावर विषाला जागा द्यावयाची की नाही?

निकालाने हा प्रश्न कायमचा मिटला असे मात्र म्हणता येत नाही. मधल्या काळात हैदराबादचे पाण्याचे मार्ग पालटले. मांजरा नदीचे पाणी १९६५ पासून येतच होते आणि १९९१ पासून सिंगूरच्या धरणाची त्यात भर पडली होती. कृष्णेचे २००४ पासून व गोदावरीचे २०१५ पासून येऊ लागले. शहराच्या एकूण गरजेत उस्मानसागर व हिमायतसागर ह्यांचा वाटा अत्यल्प उरला. हेच कारण पुढे करून तेलंगण सरकारने १२ एप्रिल २०२२ रोजी ६९ क्रमांकाचा आदेश काढला व १११ क्रमांकाच्या आदेशातील निर्बंध उठविले. जलाशयांचे पाणी बिघडू नये ह्याची काळजी घ्यावी, अशी अट त्यात आहे व उपाय सुचविण्यासाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. ८४ गावांतील शेतकऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. शहराच्या तहानेसाठी आपल्याच जमिनीचे मोल पंचवीस वर्षे गोठले, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. शहराने त्यांच्या त्यागाची भरपाई करावयास हवी होती. परंतु भरपाई करणे निराळे आणि रेषा पुसणे निराळे. आता ह्या पाण्याची गरज नाही, हा युक्तिवाद ऐकताना हुसेनसागराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याचीही गरज एके काळी अशीच संपली होती.

शिवाय, जवळचे पाणी टाकून दूरचे आणल्याने आपण विषापासून दूर जातो, हा भ्रम आहे. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगवते, गोदावरी त्र्यंबकेश्वरी आणि कृष्णा महाबळेश्वरी. म्हणजे हैदराबादच्या नळाचा वरचा शेवट महाराष्ट्रात आहे. कृष्णा नृसिंहवाडीला दत्तचरणांशी पंचगंगेला भेटते, आणि ती पंचगंगा वरच्या अंगास कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्याने वारंवार बिघडलेली असते. वाटेतील मोठमोठ्या धरणांत हे पाणी पुष्कळ विरळ होते हे खरे. तरी वरच्याने सोडलेले खालच्याने प्यावयाचे, हा नदीचा नियम बदलत नाही. हैदराबादही त्याला अपवाद नाही. कृष्णेचे पाणी घेऊन ही नगरी आपले सांडपाणी मुसीत सोडते, आणि मुसी नळगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीच्या संगमावर, देवळांच्या पायथ्याशी, पुन्हा कृष्णेलाच मिळते. नृसिंहवाडीला जे आपल्याला सलते, तेच वाडपल्लीच्या खालच्या लोकांना आपण देतो.

ह्या संदर्भात मंदिरांच्या परिवाराने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. कारखान्यांना बोल लावणे सोपे आहे. गणेशोत्सवानंतर हुसेनसागरात व सरूरनगरच्या तलावात प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या, रासायनिक रंगांनी रंगविलेल्या प्रचंड मूर्ती विसर्जित होत आल्या. अशा रंगांत शिसे, क्रोमियम ह्यांसारखे धातू असू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० साली त्या सुधारल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने हुसेनसागरात प्लॅस्टरच्या मूर्ती सोडण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती, शेवटची म्हणून, सवलत दिली. न्यायालयाला असे सांगावे लागणे हे आपल्याला भूषणावह नाही. पार्थिव पूजेत मूर्ती मातीची असते, ती मातीतून येऊन मातीत मिळते. कोंकणात व गोमंतकात चवथीला मातीची लहान मूर्ती आणण्याची चाल अजून घरोघर आहे. शास्त्र पाळावयाचे तर ते हेच होय.

साडेचारशे वर्षांच्या ह्या इतिहासातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या पाण्याभोवती रेषा नव्हती ते गेले. ज्याच्याभोवती रेषा होती आणि ती राखणारे कोणी होते, ते टिकले. हुसेनसागराला कोणी राखणदार उरला नाही. हिमायतसागराच्या वाट्याला एक हट्टी मंडळ व एक सावध न्यायालय आले. केरीला तिचे लोक लाभले. हा राखणदार सरकारने नेमून मिळतोच असे नाही. ज्या मंदिरांत रोज तीर्थ दिले जाते, त्यांच्या विश्वस्तांनी व भक्तांनी आपले पाणी कोठून येते, त्याच्या वरच्या अंगास काय चालले आहे आणि आपण खालच्या अंगास काय सोडतो, एवढे तीन प्रश्न वर्षातून एकदा तरी विचारावेत, पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागावेत आणि ते सभामंडपात वाचून दाखवावेत. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी देत आलो. बिघडलेल्या तलावाचा जीर्णोद्धार त्याहून फार कठीण आहे. म्हणून तो बिघडू न देण्यातच शहाणपण आहे आणि धर्मही.